एकशे बाराचा दुसरा खांब

माणसाने कशाचा अभिमान बाळगावा याला काही नियम नाही. कुणाला आपल्या नाकाचा असतो, कुणाला व्याह्यांच्या मोटारीचा. पेंटरला आकड्यांचा होता. चाळीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या, ट्रकचे नंबर आणि शाळांच्या दारांवरच्या इयत्ता रंगवल्या, आणि चाळीस वर्षांत आपल्या हातून एक आकडा चुकला नाही, असं तो सांगत असे. दुसरं कुणी हे सांगत नसे, कारण दुसऱ्याला सांगायला तो वेळच ठेवत नसे.

त्यातही त्याचं सगळ्यात थोर काम म्हणजे घरासमोरच्या हमरस्त्यावरचे दिव्याचे खांब. बावीस वर्षांपूर्वी त्या सगळ्या खांबांवर नंबर घालायचं काम त्याला मिळालं होतं. पिवळा पट्टा, वर काळा आकडा. एकपासून एकशे शहाऐंशीपर्यंत. घरी पाहुणा आला की पेंटर त्याला चहाआधी गॅलरीत नेई आणि समोरच्या खांबाकडे बोट दाखवून म्हणे, "बघा, बावीस वर्षं झाली. दोनचं वळण बघा." पाहुणा वळण बघे. त्याशिवाय चहा मिळत नसे.

तर झालं असं, की त्या रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे काढून नवे एलईडी लावायचं ठरलं. वीज निम्मी, उजेड दुप्पट. आता निम्म्यात दुप्पट म्हटल्यावर शहाण्या माणसाने तिथेच सावध व्हायला हवं, पण लोक खूश झाले. शिडीची गाडी आली, हेल्मेटवाले आले आणि आठवडाभरात रस्ता असा पांढराफेक झाला, की पंक्चरवाला म्हणाला, "आता ट्यूबमधलं भोक पाण्याशिवाय दिसतं."

फक्त पेंटरच्या इमारतीसमोर काळोख. नवा दिवा नाही तो नाहीच, जुनाही गेला होता. जुने दिवे काढणारी टोळी वेगळी आणि नवे लावणारी वेगळी. काढणारे डोळ्यांनी काम करत. खांब दिसला की दिवा उतरवत. लावणारे कागदाने काम करत. यादीतला नंबर सापडला की दिवा लावत आणि पुढे खूण करत. यादी संपली तेव्हा त्यांचं काम संपलं आणि गाडी निघून गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात सभा भरली. पेंटरच्या बायकोने सांगितलं, की फाटकाबाहेरच्या गटारावरची फरशी हलते आहे, अंधारात कुणीतरी आत जाणार. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर म्हणाले, "आधी प्रकाश किती आहे ते मोजायला हवं."

"नाहीच आहे तर मोजणार काय?" इस्त्रीवाल्याने विचारलं. त्याचं टेबल फाटकाशीच होतं आणि दोन दिवस तो कपड्यांचा रंग अंदाजाने ओळखत होता.

"अंधारही मोजता येतो. आमच्या वेळी मोजायचो."

"ते राहू दे," पेंटर पुढे होऊन म्हणाला. "मी बघतो. या रस्त्यावरचा एकेक खांब माझ्या हाताखालून गेलाय. चार दिवसांत दिवा लागला नाही, तर नाव बदलीन."

त्याचं नाव तसंही कुणाला माहीत नव्हतं. सगळे पेंटरच म्हणत. पण वाक्य वजनदार होतं, त्यामुळे सभा तिथेच संपली.

सुनेने मोबाइलवर तक्रार भरली. खांब क्रमांक एकशे बारा, दिवा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. सोबत पुरावा म्हणून फोटो. फोटोत एक खांब, त्यावर पिवळा पट्टा, पट्ट्यावर स्वच्छ एकशे बारा आणि वर झगझगीत दिवा. खाली विचारलं होतं, अनुभव कसा वाटला, तारे द्या.

"रस्त्यावर दिवा नाही आणि आपण तारे द्यायचे!" पेंटर कडाडला. "फोटो खोटा आहे."

सुनेने फोटो मोठा करून पाहिला. "बाबा, मागे टायर टांगलेत. हे पंक्चरवाल्याचं दुकान आहे."

"मग?"

"मग तो आपल्या अलीकडचा खांब झाला. त्याच्यावर पण एकशे बारा कसा?"

 चपला घालून पेंटर खाली उतरला, आपल्या खांबाला हात लावला: एकशे बारा. तीस पावलं चालून पंक्चरवाल्यासमोर गेला: एकशे बारा. उलट फिरून आपल्या पुढच्या खांबाशी गेला: एकशे तेरा. मग पंक्चरवाल्याच्या बाकावर बसला आणि त्याला पाणी मागितलं.

त्याला ते सगळं आठवलं. त्या दिवशी पंक्चरवाल्यासमोरचा एकशे बारा रंगवून झाला आणि घर समोरच असल्यामुळे तो जेवायला घरी गेला. जेवून अर्धा तास आडवा झाला. उठल्यावर स्वतःच्या दारातला खांब म्हणून त्याने तो जरा जास्तच मन लावून रंगवला, आणि डोळ्यांवर झोप असल्यामुळे पुन्हा एकशे बाराच घातला. म्हणजे खांब एकशे सत्त्याऐंशी होते. बावीस वर्षं ज्या आकड्याचं वळण त्याने पाहुण्यांना दाखवलं, नेमका तोच आयुष्यातला एकुलता एक चुकलेला आकडा होता. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, कारण खांबावरचा नंबर वाचायला थांबतो कोण?

आता सरळ माणूस काय करील? कचेरीत जाऊन सांगेल, बाबांनो, माझी चूक झाली, एक खांब मोजायचा राहिला. पेंटरही सरळच होता, पण चाळीस वर्षांची बढाई मानेत अडकली की सरळ माणसाचीही मान वळत नाही.

तो कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने यादी उघडली. "एकशे बारा चालू आहे."

"आमच्यासमोरचा बंद आहे."

"त्याचा नंबर काय?"

पेंटरच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "पुसट झालाय."

"मग नंबराशिवाय तक्रार घेऊ कशी? उद्या कुणी येऊन म्हणेल, माझ्या परसातल्या झाडाला दिवा लावा. गुरुवारी साहेब पाहणीला येणार आहेत रस्त्यावर. तेव्हा दाखवा त्यांना."

पाहणी म्हटल्यावर पेंटर उलट्या पावली निघाला. साहेब येणार, दोन एकशे बारा बघणार आणि चारचौघांत विचारणार, नंबर कुणी घातले होते हो? घरी पोचेपर्यंत त्याने बेत रचला. आपल्या खांबावर एकशे तेरा घालायचं. मग पुढच्या एकशे तेराचं एकशे चौदा करायचं, त्याच्या पुढच्याचं एकशे पंधरा, असं शेवटपर्यंत. शेवटचा खांब पार रद्दीच्या गोदामाजवळ होता; तिथे एकशे सत्त्याऐंशी लिहिलं तर बघणार कोण? मग कचेरीत सांगायचं, एकशे तेराला दिवा नाही. माणसं येतील, नंबर बघतील, दिवा लावतील. बेतात खोट कुठेच नव्हती. फक्त खांब पंचाहत्तर होते आणि पेंटरचं वय एकोणसत्तर.

सोमवारी सकाळी तो डबा, ब्रश आणि स्टूल घेऊन निघाला. "कुठे?" बायकोने विचारलं.

"नंबर जरा फिके पडलेत. ताजे करतो."

"पैसे देणार आहेत?"

"सगळंच पैशासाठी करायचं नसतं," तो म्हणाला. हे वाक्य त्याने संसारात पहिल्यांदाच उच्चारलं होतं, त्यामुळे बायको दारातच उभी राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

खांब रंगवणं म्हणजे काही पाटी रंगवणं नव्हे. आधी पिवळा पट्टा मारायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग काळा आकडा. थांबलं की माणसं जमायची. एक म्हणाला, पिवळ्यात जरा लाल टाका, उठून दिसेल. दुसरा म्हणाला, आमच्या दुकानाचं नाव पण घाला खाली, छोटंसंच. एका बाईंनी स्टुलाला धरून ठेवायचं पुण्य केलं आणि तेवढ्यात आपल्या मुलीच्या सासरची सगळी गाऱ्हाणी ऐकवली. स्टुलावरचा माणूस पळून जाऊ शकत नाही. ओव्हरसियर रोज संध्याकाळच्या फेरीत येऊन ओळंबा धरल्यासारखा एक डोळा मिटून बघत. त्यांनी इमारतीच्या फळ्यावर लिहिलं: 'आपले पेंटर या वयात विनामूल्य समाजसेवा करत आहेत. इतरांनी बोध घ्यावा.' इस्त्रीवाल्याने बोध म्हणून पेंटरचे दोन शर्ट फुकट इस्त्री केले. पेंटरने ते घेतले. चोराला बक्षीस मिळालं तर तो ते परत कुठे करणार?

गंमत अशी, की चूक काही नाहीशी होत नव्हती. ती पुढे चालत होती. जिथवर पेंटर पोचे, तिथे पुढच्या खांबावर जुना तोच नंबर उभा असे. सोमवारी दोन एकशे बावीस झाले. मंगळवारी गुडघा धरला तेव्हा दोन एकशे सत्तावीस होते. पूर्वी चूक त्याच्या दारात निवांत बसली होती; आता तो रोज तिला हाताला धरून रस्त्याने हिंडवत होता.

आणि साहेब गुरुवारचे बुधवारीच आले. कचेरीतली माणसं वेळेआधी येण्याचा हा एकच प्रसंग रस्त्याने पाहिला. पेंटर स्टुलावर होता, एकशे एकतीसमधला एक ओढत होता. मागे गाडी थांबली. साहेब उतरले, मागून कारकून उतरला. साहेबांनी ओला एकशे एकतीस पाहिला, मग पुढच्या खांबावरचा वाळलेला एकशे एकतीस पाहिला.

"हे काय चाललंय?"

"ताजे करतोय," पेंटर म्हणाला.

"सर, म्हणूनच!" कारकून ओरडला. "काल एकशे वीसचा दिवा लुकलुकतोय म्हणून माणसं पाठवली. त्यांनी एकशे वीसचा चांगला चालणारा दिवा उतरवून आणला आणि लुकलुकणारा तिथेच आहे. एकशे वीस सरकलाय, सर!"

भोवती माणसं जमली. त्यात स्टूल धरणाऱ्या बाई होत्या, इस्त्रीवाला होता, आणि फेरीला निघालेले ओव्हरसियर तर होतेच. त्यांनी दोन्ही आकड्यांकडे एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. "पेंटर, हे दोनदा आलंय," ते हळूच म्हणाले. साहेब मात्र हळू बोलले नाहीत. "उद्या अकरा वाजता कचेरीत या. सरकारी खांबांवर हात टाकता म्हणजे काय?"

त्या रात्री पेंटर जेवला नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "सांगून टाका ना एकदाचं, की तेव्हा दोन एकशे बारा पडले म्हणून."

पेंटर ताडकन उठून बसला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? भाजीला जाताना रोज दोन्ही खांबांवरून जाते मी."

"बावीस वर्षं माहीत आहे तुला?"

"बावीस कशी होतील? मध्ये दोन महिने माहेरी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पाहुण्यांना वळण दाखवायला विचारलं होतं का मला?" ती म्हणाली आणि दिवा मालवून झोपली. पेंटर जागाच राहिला. ज्या नावासाठी आपण पंचाहत्तर खांबांशी झुंजायला निघालो, ते घरातच बावीस वर्षांपूर्वी बुडालंय, हे पचायला वेळ लागतो.

सकाळी तो कचेरीत गेला तो ठरवूनच. खुर्चीत बसायच्या आधी म्हणाला, "साहेब, चूक माझी. बावीस वर्षांपूर्वी एकशे बारा दोनदा घातला. खांब एकशे सत्त्याऐंशी आहेत."

एवढं बोलल्यावर छातीवरचा दगड उतरेल असं त्याला वाटलं होतं. पण साहेबांनी उठून आधी खोलीचं दार लावून घेतलं.

"खांब एकशे शहाऐंशीच आहेत," ते म्हणाले.

"मी मोजलेत."

"मीही मोजलेत." साहेबांनी एक पिवळट फाइल उघडून फिरवली. पेंटरच्या कामाचा तो जुना कागद होता आणि खाली लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष चालून मोजणी केली. बरोबर आढळली.' सही साहेबांची. तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते. "मला चार महिने राहिलेत निवृत्तीला. त्या यादीवरून दिवे आले, तारा आल्या, आणि आता तुम्ही म्हणता एक खांब जास्त आहे?"

"तुम्ही खरंच चालून मोजले होते का?"

"ऊन फार होतं त्या दिवशी," साहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"मग माझ्या दारात उभा आहे तो काय आहे?"

"तो खांब नाही."

"चांगला वीस फूट उंच आहे हो!"

"उंचीने खांब होत नाही. नोंदीने होतो." मग साहेबांचा आवाज मऊ झाला. "पेंटर, तुमचं नाव मोठं आहे. कशाला डाग लावून घेता? मी तुम्हाला शिक्क्यानिशी लिहून देतो, की मूळ काम निर्दोष होतं. तुम्ही फक्त लिहून द्या, की या आठवड्यात वयोमानाने जरा गोंधळ झाला. मी एकोणीस नंबर पूर्ववत करून घेतो."

आता बघा, माणसाची परीक्षा कशी होते. आयुष्यभर जे आपणच सांगत आलो, ते सरकार शिक्का मारून सांगायला तयार. आणि खोटं आहे हे जगात फक्त चौघांना माहीत. त्यातली एक बायको, तिने बावीस वर्षं तोंड उघडलेलं नाही, आणि एक सून, ती घरचीच. पेंटरने सही केली. कागद टाइप होऊन त्यावर शिक्का बसेपर्यंत संध्याकाळ झाली.

तो घरी निघाला तेव्हा रस्ता उजळला होता. प्रत्येक खांबाखाली थांबून त्याने कागद वाचला. 'निर्दोष' हा शब्द पांढऱ्या उजेडात फार छान दिसत होता. पंक्चरवाल्यासमोर त्याने शेवटचं वाचलं आणि वाचतावाचताच पुढे चालू लागला. वाचता येईनासं झालं तरी कागद तोंडापुढेच होता. फाटकाशी हलती फरशी पायाखाली आली, ती उलटली आणि निर्दोष पेंटर कंबरेपर्यंत गटारात गेला.

इस्त्रीवाला धावला. "काका, हात द्या! तो दुसरा हात द्या, त्या हातात काय धरलंय?"

"काही नाही," पेंटर म्हणाला.

"मग सोडा की ते!"

सोडल्याशिवाय वर येता येत नव्हतं. पेंटरने ते सोडलं.

शुक्रवारी सकाळी पायाला फडकं बांधून तो पुन्हा स्टुलावर चढला, या वेळी आपल्याच दारातल्या खांबाशी. नंबराच्या पट्ट्याखाली त्याने हातभर जागा पांढरी केली आणि तिच्यावर आयुष्यातली सगळ्यात देखणी अक्षरं काढली: 'हा खांब मोजायचा राहिला. चूक माझी. समोर राहणारा पेंटर.' लोक थांबून वाचू लागले. दुचाकी थांबल्या, मग त्यांच्या मागच्या मोटारी थांबल्या, मग सगळ्यात मागच्यांनी काय झालंय हे न कळताच भोंगे वाजवले. सुनेने फोटो काढला. तो तिने कुणाला पाठवला नाही असं ती आजही सांगते, पण दहा वाजेपर्यंत तो सगळ्यांकडे होता.

पेंटरने ब्रश पुसला, खाली आणखी एक ओळ आखली आणि लिहिलं: 'मोजणी तपासली' आणि पुढे दोन ठिपके. मग तो स्टुलावरच बसून राहिला.

"पुढे?" ओव्हरसियरांनी विचारलं. "पुढे कुणाचं नाव?"

"वाळू द्या," पेंटर म्हणाला. "घाई केली की चुका होतात."

ते वाळायच्या आत साहेबांची गाडी आली. शिडीची गाडी तिच्या मागेच होती.

"पुसा ते," साहेब खालच्या आवाजात म्हणाले.

"दिवा लावा, पुसतो."

"कशात दाखवू मी दिवा? यादीत खांबच नाही!"

"मग ही नोंद मीच पुरी करतो," म्हणून पेंटरने ब्रश काळ्यात बुडवला.

"थांबा! थांबा जरा!" साहेबांनी शिडीच्या गाडीतल्या हेल्मेटवाल्याला हाक मारली. "तो एकशे वीसचा काढून आणलेला आहे ना गाडीत? चढव इथे. लिहू नकोस कुठे. चाचणीसाठी लावला म्हण."

वीस मिनिटांत दिवा चढला. भरदिवसा तो लावून बघितला, बंद केला, पुन्हा लावून बघितला. इस्त्रीवाल्याने टाळ्या वाजवल्या. ओव्हरसियर म्हणाले, आता मोजायला हरकत नाही. एकशे वीस सरकून जिथे आला होता, तिथे त्या दिवसापासून अंधार आहे, पण ती तक्रार दुसऱ्या इमारतीची आणि तिथे दुसरे कुणीतरी पेंटर असतील.

पेंटर शब्दाला जागला. त्याने रॉकेलचं फडकं घेऊन साहेबांच्या ओळीपासून वर पुसत आणलं. आपली ओळ पुसताना हात जरा थांबला. अक्षर खरोखर चांगलं आलं होतं. मग तेही पुसलं. वर ताजा एकशे तेरा होता.

"याचं काय करू?" त्याने विचारलं. "एकशे बारा घालू, की हाच ठेवू?"

साहेब दचकले. "काहीच घालू नका! नंबर घातला की मोजावा लागेल."

तर एकशे तेराही पुसला गेला. एकोणीसातले बाकीचे अठरा नंबर पुन्हा जुन्या जागी आले आणि रस्ता कागदावर होता तसा झाला. सबंध रस्त्यावर कोरा असा तेवढा एकच खांब उरला, आणि तो नंबर घालणाऱ्याच्या दारात.

परवा एक पाहुणे आले. अंधार पडल्यावर हवा खायला म्हणून ते आपणहूनच गॅलरीत गेले, आणि गॅलरीत असा लख्ख उजेड, की त्यांनी समोर पाहिलं. "अहो, सगळ्या खांबांना नंबर आहेत. तुमच्या समोरच्याला नाही तो?"

आतून बायको चहाचा कप घेऊन येत होती, ती तिथेच थांबली.

"राहिला," पेंटर म्हणाला. "माझ्याकडून राहिला. चहा घ्या."